विद्यार्थ्यांना विषयाची गोडी लागावी म्हणून शिक्षकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पदवीच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवता. स्लाइड्स सजवल्या, व्हिडिओ दाखवले, मधूनमधून विनोद पेरले. मुलं हसतात, पण विषय सुरू झाला की चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मीही हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विनोदाने तास बरा जातो, हे खरंच. पण मुलं हसतात ती तुमच्या विनोदाला. प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) वाट्याला त्यातलं काही येत नाही. व्हिडिओचंही तेच: दिवे मालवले की निम्मा वर्ग आरामात मागे टेकतो.

माझ्या मते घोळ क्रमाचा आहे. आपण आधी व्याख्या देतो, मग सूत्र, मग सोडवलेलं उदाहरण, आणि शेवटी विचारतो, "काही शंका?" शंका कुणालाच नसते. कशी असेल? मनात काही येण्याआधीच उत्तर फळ्यावर लिहून झालेलं असतं. म्हणून मी उलटं करतो. आधी कोडं, मग प्रत्येकाचा अंदाज, मग वादावादी, आणि सिद्धांत सगळ्यात शेवटी.

सिम्प्सनचा विरोधाभास घ्या. हे नाव मी सुरुवातीला उच्चारतही नाही. फळ्यावर फक्त दोन आकडे लिहितो. 1973 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना. अर्ज हजारांच्या घरात होते, त्यामुळे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, हेही सांगून टाकतो. मग म्हणतो, "न्यायाधीश तुम्ही. स्त्रियांवर अन्याय झाला का? वहीत 'हो' किंवा 'नाही' लिहा आणि खाली सही करा." बहुतेक जण 'हो' लिहितात.

पुढचा प्रश्न: दोषी विभाग कोणता, ते कसं शोधाल? थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, विभागवार आकडे द्या ना सर. ही मागणी त्यांच्याच तोंडून यायला हवी, त्यासाठी मी वाटेल तितका थांबतो. मग सगळ्यात मोठ्या 6 विभागांचा तक्ता वाटतो. पहिल्या विभागात अर्ज केलेल्या 825 पुरुषांपैकी 62 टक्के निवडले गेले, 108 स्त्रियांपैकी मात्र 82 टक्के. शेवटच्या विभागात 373 पुरुषांपैकी 6 टक्के, 341 स्त्रियांपैकी 7 टक्के. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचीच टक्केवारी वरचढ आहे.

इथे वर्ग जागा होतो. "तक्ता चुकलाय सर." कॅल्क्युलेटर बाहेर निघतात, सही करून बसलेले हट्टाला पेटतात, मागच्या बाकावरचा एखादा पुढे येऊन फळ्यावर बेरजा मांडायला लागतो. या वेळात ताकास तूर लागू द्यायची नाही, आपल्या चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. मग मी सांगतो की एकत्र आकड्यांत दिसणारा कल गटवार पाहिल्यावर नाहीसा होतो किंवा उलटतो, याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात आणि संख्याशास्त्रज्ञ बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विश्लेषण 1975 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. व्याख्या एका वाक्यात संपते आणि मुलं ती न सांगता उतरवून घेतात. चांगल्या वर्गात त्यावर आणखी एक प्रश्न येतो: पण स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या? त्याचं उत्तर या तक्त्यात नाही, आणि तसं सांगायला मला आवडतं.

सही करायला लावणं हा पोरखेळ वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. मनातल्या मनात केलेला अंदाज मूल बेमालूम बदलतं आणि "मला वाटलंच होतं" म्हणून मोकळं होतं. कागदावर लिहिलेला अंदाज चुकला की तो का चुकला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून याच तत्त्वावर तास घेत आलेत. संकल्पनेवरचा एक प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने निवडलेलं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यांची मुलं पुस्तकातली गणितं सफाईने सोडवत, पण साध्या भाषेतल्या मूलभूत प्रश्नावर अडखळत. तिथून त्यांनी पद्धत बदलली. शेजाऱ्याला पटवून देताना मूल जेवढं विषयात शिरतं, तेवढं माझं व्याख्यान ऐकून शिरत नाही, हा माझाही अनुभव आहे.

प्रश्न विचारल्यावर थांबायला मात्र शिका. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गासमोर उभं राहून मोजून बघा.

संभाव्यतेसाठी वाढदिवसाचं कोडं हुकमी आहे. 23 जणांच्या गटात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, आणि वर्ग 40 जणांचा असेल तर सुमारे 89 टक्के. आधी सगळ्यांचे अंदाज घ्या, मग तारखा विचारा. विचलन शिकवताना प्रत्येकाला निनावी चिठ्ठीवर आपल्या मोबाइलचा रोजचा स्क्रीन टाइम लिहायला लावा. आपलाच आकडा आलेखाच्या टोकाला एकटा पडलेला दिसला की 'आउटलायर' वेगळा समजवावा लागत नाही.

बक्षिसांबद्दल माझं मत जरा कडक आहे. बरोबर उत्तराला चॉकलेट, जास्तीचे गुण, अ‍ॅपवरचे बिल्ले हे सगळं जपून वापरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. पाठांतरासारख्या मुळातच कंटाळवाण्या कामाला आमिष ठीक आहे. कुतूहल जिथे आपणहून जागं झालंय तिथे नको.

एक तक्रार मात्र येणार, तिची तयारी ठेवा: "सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात." हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः डोकं लढवायला लागलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र त्यांनाच जास्त गुण पडले. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तो भास असतो. मी हे पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकतो, मग कुरकुर बरीच कमी होते.

पोर्शनचं काय, हे तुम्ही विचारणारच. प्रत्येक तासाला असं करता येत नाही आणि करूही नये. एका घटकाला एक दणदणीत कोडं पुरतं. त्यासाठी लागणारा वेळ मी सोडवलेल्या उदाहरणांतून काढतो, ती मुलं घरी वाचू शकतात.

राहिला तो "हे परीक्षेला येणार का?" हा प्रश्न. त्यावर चिडू नका, मुलांचा हिशोब चोख असतो. वर्गात कोडी आणि पेपरात व्याख्या असं झालं, तर दोन आठवड्यांत ती कोड्यांकडे पाठ फिरवतील. निदान अंतर्गत चाचणी तरी तुमच्या हातात असेल. तिच्यात एक अर्धवट तक्ता द्या आणि विचारा: निष्कर्ष काढण्याआधी तुम्ही आणखी कोणता आकडा मागाल, आणि का? तपासायला वेळ लागतो, कारण उत्तरं एकसारखी येत नाहीत. पण ही चाचणी झाली की पुढच्या तासाला फळ्यावर आकडे लिहिता लिहिताच कुणीतरी विचारतं, "सर, यात विभागवार किती?"