वाघोलीत सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर ८०० दाखवतो. सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवला तर टीडीएस उतरेल का?

नाही, टीडीएस जवळपास तेवढाच राहील. पण गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांत बसणारा पांढरा थर थांबेल. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदल्यात सोडियम सोडतं, म्हणून मीटरचा आकडा हलत नाही. त्या मीटरवरून पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, कळतच नाही. त्यासाठी थेंबांचं हार्डनेस किट आणा: गुलाबी पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे जडपणा लिटरला २०० मिग्रॅपर्यंत हवा; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जडपणा ५०० असेल तर २५ लिटर रेझिन साधारण अडीच हजार लिटर पाण्यानंतर थकतं, मग तीन-चार किलो मिठाने रिजनरेशन करावं लागतं, म्हणजे रेझिन पुन्हा ताजं करावं लागतं. हे वेळेवर न झाल्याने अनेक सोसायट्यांचे सॉफ्टनर नुसते शोभेला उरतात, आणि खापर फुटतं मशीनवर. टँकर बदलला की पाणीही बदलतं, तेव्हा किटने दर आठवड्याला तपासाच. बोअरला लोह असेल (बादलीत तांबूस डाग पडतात) तर आधी आयर्न फिल्टर लावा, नाहीतर रेझिन खराब होतं. पिण्यासाठी मात्र स्वयंपाकघरात वेगळा आरओ ठेवा.