शेतावर हवेत एका जागी फडफडत थांबणारा पांढरट पक्षी कोणता? जवळ गेलं की उडतो, मग नीट पाहायचा कसा?

वर्णनावरून ही कापशी, म्हणजे कापशी घार. ज्वारीच्या पट्ट्यात आमच्याकडे विजेच्या तारेवर हमखास बसलेली असते. कावळ्याहून थोडी लहान, पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. डोळे पिवळसर आणि पाठीवर खवल्यांसारख्या फिक्या कडा असतील, तर ते यंदाचं पिल्लू. हिवाळ्यात पाहुणी येणारी खरुचीही अशीच अधांतरी थांबते, पण तिची पाठ विटकरी असते आणि लांब शेपूट ती पंख्यासारखी पसरते.

आता उडण्याचं. मीही आधी दुर्बीण गळ्यात घालून बांधाबांधानं तिच्या मागं जायचो. शंभरेक पावलांवर आलो की ती उठायची, पुढच्या खांबावर बसायची. की मी पुन्हा निघालो! शेवटी वडीलच म्हणाले, "तू कशाला हिंडतोस? ती येतीय की परत तिच्या खांबावर." तसंच आहे. तिच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. ज्या खांबाखाली उंदराचे केस आणि बारीक हाडं असलेल्या सुक्या गोळ्या सापडतील (न पचलेलं ती ओकून टाकते), तो खांब हेरा. सूर्य पाठीशी ठेवून लांब बसा. चारचाकी असेल तर आतूनच पाहा. गाडीला ती माणसाइतकी बुजत नाही.

वेळ सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवस मावळायच्या आधीचा तास. बसल्या बसल्या शेपूट वरखाली करते, ते बघा. मग उठून हवेत थांबते, पाय खाली लोंबतात. उंदीर दिसला तरी एकदम झेपावत नाही. पंख वर धरून थोडी खाली येते, थांबते, आणखी थोडी खाली, जिन्याच्या पायऱ्या उतरावी तशी. शेवटच्या पायरीवरून मात्र दगडासारखी पडते. बऱ्याचदा रिकाम्या पायांनीच वर येते, त्यामुळे एका फेरीत समाधान मानू नका.

उभ्या ज्वारीत ती कुठं पडली तेच कळत नाही. काढणीनंतर, फेब्रुवारीत जा. कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात, उंदरांना आडोसा उरत नाही आणि ती तासभर त्याच रानावर घिरट्या घालते. जवळच्या बाभळीत काड्यांचं विस्कटलेलं घरटं दिसलं, तर मात्र तिथून मागं फिरा, फोटोसाठीसुद्धा थांबू नका.