नळी आहे, तरी गिळायचं का?

प्रश्न: वडिलांच्या घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. नाकातून नळी बसवल्यापासून ते तोंडाने घोटभर पाणीही घेत नाहीत. चालेल का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर: ताई, डॉक्टरांची मनाई नसेल तर गिळणं बंद पडू देऊ नका. रेडिएशनने घसा आखडतो आणि न वापरलेले स्नायू आणखी कमजोर होतात. म्हणून व्यायाम आत्तापासूनच हवेत. गिळताना कंठमणी वर जातो, तो हाताने नव्हे, घशाच्या स्नायूंनीच तिथे दोन-तीन सेकंद धरायचा; वर गेला की नाही ते बोट लावलं की कळतं. माझ्या रुग्णांनाही हे लगेच जमत नाही, तेव्हा वडिलांवर चिडू नका. ताठ बसवून चमचा-चमचा दाटसर नाचणीची पेज द्या. द्राक्षं आत्ता नकोत, तोंडातल्या जखमांना झोंबतात. ठसका लागला किंवा आवाज गुळणी भरल्यासारखा आला तर थांबा, आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.