ट्रॅकवर लांब वळणात ऑइल प्रेशर पडतं, उपाय काय?

वळणात 1 जीचा (गुरुत्वाकर्षणाइतका) आडवा जोर आला की संपमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलची पातळी 45 अंशांत कलते, पिकअप (ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. आधी कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जातात. नुसतं जाड ऑइल घालून हे सुटत नाही.

पहिलं काम संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा), तोही एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपांचा: ऑइल पिकअपकडे येतं, परत जात नाही. मुंबईत गाडी रोज चालवत असाल तर खोल संप मुळीच लावू नका, इथले स्पीडब्रेकर आणि खड्डे तो फोडतील. मूळ खोलीतच बॅफल बसवा. पिकअप आणि तळ यांत साधारण 6 ते 10 मिमी अंतर हवं. ते मऊ प्लास्टिसिनची गोळी दाबून मोजता येतं.

ऑइल कमाल खुणेपर्यंत भरा. बऱ्याच इंजिनांत अर्धा लिटर जास्त चालतं, पण त्यापुढे क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेस पंपाला हवेइतकाच वाईट.

स्लिक (नक्षी नसलेले, जास्त पकडीचे रेसिंग) टायर असतील तर 2-3 लिटरचा ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर लावाच, म्हणजे दाबाखाली ऑइल साठवून प्रेशर पडलं की ते इंजिनात सोडणारी टाकी. ऑइल प्रेशरचा कंपनीचा दिवा फार उशिरा लागतो. वेगळा गेज आणि 20-25 पीएसआयला पेटणारा मोठा दिवा बसवा. किमान किती प्रेशर हवं याचा ढोबळ हिशेब: दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय.