नाइट ड्यूटीची सवय होईल असं म्हणत बसू नका, आणि नर्सिंग सोड असंही म्हणू नका

नमस्कार ताई,

तुमची मेल दोनदा वाचली. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. लेक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीये, आठ महिने झाले सांगलीत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, तासगावहून स्कूटीवर जाऊन-येऊन करते. रात्री 8 ते सकाळी 8, सलग सहा नाइट, मग एक ऑफ आणि लगेच मॉर्निंग. घरी आली की चिडचिड, दिवसा जेमतेम चार तास झोप, आणि मागच्या आठवड्यात पहाटे एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. द्यायच्या आधी पेशंटच्या हातातला नावाचा बँड बघितला म्हणून लक्षात आलं, पण तेव्हापासून ती रडतीय. तुमचं म्हणणं सोडून दे, बँकेची परीक्षा दे. तिचे बाबा म्हणतात होईल सवय.

मला दोन्ही पटत नाहीये.

आधी बाबांचं घेऊ. आपल्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. रात्रभर जागून सकाळी आठला बाहेर पडलं की डोळ्यावर लख्ख ऊन, मेंदूला वाटतं दिवस उगवला, आणि ऑफच्या दिवशी परत सगळ्यांसारखं रात्री झोपायचं, मग घड्याळ उलटं फिरणार कधी? वर्षानुवर्षं फक्त नाइटच करणाऱ्यांतसुद्धा ते पूर्ण फिरलेले लोक फारच थोडे सापडतात. पहाटे 3 ते 5 मध्ये शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, झोपेचा जोर सगळ्यात जास्त, आणि नेमकं त्याच्याच आसपास आयसीयूत सकाळची ब्लड सॅम्पल, औषधं, इनटेक-आउटपुटची (पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं याची) बेरीज असं सगळं एकदम येतं. तिची चूक पहाटे झाली यात मला काहीच नवल वाटलं नाही.

अजून एक हिशोब बघा. पहिल्या नाइटला ती सकाळी 7 ला उठते, दिवसभर घरात कामं, रात्री ड्यूटी. म्हणजे रात्री 12 ला तिला जागं राहून 17 तास झाले आणि सकाळी 7 ला 24. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये मोजलं होतं, 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चालतात आणि 24 तासांनी साधारण 0.10. आपल्याकडे गाडी चालवायची लिमिट 0.03 आहे! म्हणून पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोप पाहिजेच, भिशी असो नाहीतर पाहुणे.

थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला सांगा. पाय दुखतायत, पेशंट उचलून कंबर गेली, तो थकवा, खुर्चीत बसलं की बरं वाटतं. झोपेचं उलटं, बसलं की वाढते. आणि लक्ष जातं ते हळूहळू कमी होत जात नाही हो, मधेच तुटतं, अर्धा सेकंद, दोन सेकंद, कधी त्याहून जास्त, आणि ज्याचं तुटतं त्याला कळतही नाही. माझी आई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती, क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. एकदा नाइट करून आली आणि गॅसवर दूध ठेवून समोरच उभी राहिली, दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅसचा वास आला, मी ओरडलो तेव्हा ती हलली. डोळे उघडे होते तिचे. मी सातवीत होतो, मला वाटलं आई माझ्यावर रागावलीये म्हणून बोलत नाहीये.

तेव्हा घरी साडेदहाला कोणीतरी दार वाजवायचंच, सिस्टर जरा बीपी बघता का. आणि आजीचं चालू, दिवसाढवळ्या काय झोपायचं. आई अकराला उठून भाकऱ्या थापायची. तुमच्याकडे असंच होत असेल असं म्हणत नाही, पण तुम्ही लिहिलंय की "दुपारी जेवायला उठवते, उपाशी कशी झोपू देऊ". नका उठवू ताई. आल्या आल्या पोहे-उपमा काहीतरी हलकं द्या, खोलीला जाड पडदा, मोबाइल बाहेर, कुकरच्या शिट्ट्या ती यायच्या आधी उरकून घ्या. तिची ती रात्र आहे, रात्री दोनला आपण कोणाला जेवायला उठवतो का? एका प्रयोगात लोकांना 14 दिवस रोज 6च तास झोपू दिलं, शेवटी त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं होतं आणि तरी ते म्हणत होते आम्ही ठीक आहोत. तुमची लेक चारवर आहे.

कॉफी घेऊ दे, पण पहाटे 3 नंतर नको, तिचा अर्धा अंमल पाचेक तास टिकतो आणि मग घरी येऊन टक्क जागी.

आता सोडायचं का? त्या ट्रेच्या प्रसंगातली मला दिसलेली गोष्ट म्हणजे अर्धवट झोपेतसुद्धा तिने बँड बघितला. हात आपोआप तिकडे गेला, म्हणजे शिक्षण पक्कं आहे. तिने तो प्रकार नीअर मिस (होता होता टळलेली चूक) म्हणून लिहून द्यावा आणि पहाटेचं इन्सुलिन, पोटॅशियम असलं जोखमीचं काही असेल तर बरोबरच्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवावं, लाज वाटायचं काही कारण नाही.

बदलायचा आहे तो रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता. मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, रडत जाऊ नये, कागद घेऊन जावं. सहाऐवजी तीन-तीन नाइट मिळतील का, नाइटनंतर थेट मॉर्निंगऐवजी मॉर्निंग-इव्हिनिंग-नाइट या क्रमाने ड्यूटी फिरेल का, आणि सकाळी आठला सुटते तोच दिवस ऑफ म्हणून धरतात का? धरत असतील तर तो ऑफ नाहीच, ती तर झोपायची रात्र झाली. स्टाफ कमी आहे हे उत्तर येणारच, तरी विचारावं. दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर हॉस्पिटल बदला, प्रोफेशन नाही. ओपीडी, डायलिसिस, इन्फेक्शन कंट्रोल, पोस्ट बेसिक बीएस्सी करून पुढे शिकवणं, किंवा सहा महिन्यांचा कोर्स करून उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), इथे नाइट कमी किंवा नाहीच. सरकारी नोकरी लागली की नाइट सुटते हा मात्र गैरसमज, तिथल्या वॉर्डात रात्री एकेका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते कोणालाही विचारा.

सलग चांगली झोप मिळूनही दिवसा पेंग येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

आणि स्कूटी. नाइट करून पंचवीसेक किलोमीटर ती एकटी चालवत येते हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकलो. हे उद्यापासून बंद करा. एसटीने येऊ दे, डुलकी लागली तर लागली, नाहीतर हॉस्पिटलातच अर्धा तास झोपून, तोंड धुऊन, पंधरा मिनिटं बसून मग निघू दे. बाबांना सकाळी आठला सांगलीत जाणं जमेल का बघा, सवय होईल म्हणतायत ना.