मैत्रिणीचा स्टुडिओतला वाटा विकत घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघीजणी मिळून सहा वर्षं हाताने दागिने घडवायचा स्टुडिओ चालवताय. जागा, रोलिंग मशीन (धातू दाबून पातळ करणारं), पॉलिशची मोटर सामाईक. विक्री जिची तिची. आता एकजण बाहेर पडतेय आणि तिने आजवर घातलेली सगळी रक्कम मागतेय. बाकी दोघींकडे पैसे नाहीत. तुमच्याकडे आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे, त्यातले पाच महिने या व्यवहारात जातील.

या अटींवर घेऊ नका.

अडचण फक्त किमतीची असती तर घासाघीस करून भागलं असतं. पण वाटा म्हणजे नुसती मालकी नाही, त्यामागून खर्चही येतो. आज तुम्ही भाड्याचा २५ टक्के भार उचलता. दोन वाटे झाले की ५० टक्के. हात मात्र दोनच, आणि बसणार एकाच टेबलावर. तिच्या टेबलावर कोणी बसलं नाही, तर ते रिकामं टेबल दर महिन्याला तुमच्या अंगठ्या-कानातल्यांच्या नफ्यातून पोसलं जाईल. भाडेकरारही काढून वाचा. प्रत्येकीवर पूर्ण भाड्याची जबाबदारी असेल, तर एकीने हात वर केले की मालक उरलेल्यांपैकी कोणाकडेही सगळं भाडं मागू शकतो. सही करताना हे कलम सहसा कोणी वाचत नाही.

किमतीबद्दल: घातलेले पैसे म्हणजे आजची किंमत नव्हे. रोलिंग मशीनच्या रुळांना गंज नसेल तर ते जुनं झालं तरी बरा भाव देतं. मोटर, दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र यांचा भाव वापरानं उतरतो. भिंतीत बसवलेली टेबलं, वायरिंग, रंगकाम यांचे विकताना जवळजवळ काहीच येत नाहीत. अवजारांची यादी करून 'आज विकलं तर काय येईल' हे दोन ठिकाणी विचारा आणि त्याचा चौथा भाग धरा. डिपॉझिटमधला तिचा वाटा मात्र पूर्ण द्या.

आता कानशीचा चुरा, म्हणजे दागिना घासताना पडणारा धातूचा भुगा. तुम्ही तो एका ओळीत उरकलाय, पण भांडण इथेच पेटतं. तिघी स्टर्लिंग चांदीत काम करता, एक १८ कॅरट सोन्यात. स्टर्लिंगमध्ये चांदी ९२.५ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम निव्वळ स्टर्लिंगच्या चुऱ्यातून फार तर ३७० ग्रॅम चांदी. डाक (सांधे जोडायचा धातू), एमरी (घासायच्या कागदाची पूड), धूळ मिसळलेली असेल तर त्याहून कमी, शिवाय शुद्धीकरणाची घट वेगळी. सोन्याचा चुरा मूठभर असला तरी त्यात ७५ टक्के सोनं आहे. त्यामुळे सगळं एकत्र करून चार ढीग घातलेत, तर सोनं घडवणारीचं नुकसान ठरलेलं. प्रत्येक टेबलाच्या खणातला चुरा वेगळा तोला. फक्त पॉलिश मोटरच्या फिल्टरमधली धूळ सामाईक धरा. तिच्या वाट्याचा हिशेब ग्रॅममध्ये लिहा आणि शक्यतो धातूच द्या. पैसे देईपर्यंत भाव कुठे जाईल हे तुमच्या-माझ्या हातात नाही.

मी तुमच्या जागी असते तर आधी ते टेबल भाड्याने दिलं असतं. नव्या कारागिराला मालकी नको, मासिक शुल्क आणि ठरलेली मुदत पुरे. त्या शुल्कातून आधी जागेच्या भाड्यातला रिकामा वाटा भरायचा, उरेल त्यातून बाहेर पडणारीला हप्ते. सुरुवातीला द्यावे लागतील तेवढे रोख द्या, पण दोन महिन्यांच्या घरखर्चापेक्षा जास्त नाही. घडवणाऱ्याचा पैसा विक्री होईपर्यंत धातूत अडकलेला असतो. सहा महिन्यांच्या खाली शिल्लक जाऊ देऊ नका. हप्ते तिघींच्या नावावर लिहा, एकट्या तुमच्या नाही.

मैत्रीत लेखी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी 'एकजण गेली तर काय' हे पानभर लिहिलं असतं, तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं. या वेळी ते पान लिहा आणि नव्या भाडेकरूच्या करारालाही जोडा. आणि ती किल्ली परत करायच्या आधी चुरा तोलून घ्या, चौघी समोर असताना.