शेपटी लाल नसलेला, जवळजवळ काळा पक्षी रेडटेल हॉक (लाल शेपटीचा अमेरिकन शिकारी पक्षी) असू शकतो का?

असू शकतो. तुम्ही लिहिलंय: डॅलसबाहेर हायवेच्या खांबावर काळा पक्षी, शेपटी मळकट पांढरी, पक्षी ओळखणारं ॲप म्हणतं रेडटेल आणि तुमचा मित्र म्हणतो ॲप चुकलं. चुकतोय तो मित्र. एरवी मी इथे लिहीत नाही, पण याच पक्ष्यावरून आमचं एक थँक्सगिव्हिंग वाया गेलंय.

आम्ही कॅन्ससला, विचिटाजवळ राहतो. मोठे दीर न्यू जर्सीहून आले होते. तिकडचे रेडटेल बहुतेक एका साच्यातले: छाती फिकट, पोटावर तपकिरी फराट्यांचा पट्टा, शेपटी विटकरी. शेताकडेला गवताच्या गठ्ठ्यावर एक बसलेला दिसला म्हणून गाडी थांबवली. अंग काळंकुट्ट, छातीवर चुना उडाल्यासारखे पांढरे शिंतोडे. शेपटी मळकट पांढरी, त्यावर राखाडी गिचमीड, टोक काळपट. मी म्हटलं, हा हार्लन, रेडटेलमधलाच काळा. भाऊजी म्हणाले, "अगं, शेपटी लाल नाही तर रेडटेल कसला? रफ-लेग्ड हॉक आहे हा, वेगळी जात." गळ्यात भलीमोठी लेन्स, त्यामुळे गाडीतल्या सगळ्यांना त्यांचंच पटलं. रफ-लेग्डच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात आणि याचे पाय खाली पिवळे, उघडे होते. हे मी तिथल्या तिथे सांगितलं. ऐकतो कोण! टर्की कापेपर्यंत तोच विषय.

हार्लन हा रेडटेलचाच प्रकार. उन्हाळ्यात अलास्का आणि वायव्य कॅनडात, हिवाळ्यात आमच्याकडे, ओक्लाहोमात, तुमच्या टेक्ससमध्ये. पक्षिचित्रकार ऑडुबॉनने १८३० मध्ये लुइझियानातल्या पक्ष्यांवरून त्याला स्वतंत्र जात ठरवलं होतं. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी त्याला रेडटेलमध्ये घातलं. म्हणजे हा घोळ भाऊजींच्या आधीपासूनचा आहे, एवढी सूट देते.

बाकी, लाल शेपटी पहिल्या वर्षाच्या पिल्लांनाही नसते. ती तपकिरी, आडव्या पट्ट्यांची असते. पश्चिमेकडे गडद चॉकलेटी नि तांबूस रेडटेल निघतात, उत्तरेच्या गवताळ प्रदेशात जवळजवळ पांढऱ्या डोक्याचे. पंखाच्या पुढच्या कडेची, खांद्यापासून मनगटापर्यंतची गडद पट्टी बघा असं सगळे सांगतात. फिकट पक्ष्यात ती खूण उत्तम, काळ्यात शून्य उपयोग.

आणि गंमत बघा. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कसमोर फिफ्थ ॲव्हेन्यूच्या इमारतीवर घरटं करायचा तो पेल मेल नावाचा रेडटेल. २००४ मध्ये घरटं काढून टाकलं तर लोक रस्त्यावर उतरले आणि ते परत बसवावं लागलं. त्याचं नावच मुळी फिकट रंगावरून पडलं. त्याचा फोटो भाऊजींच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. फिकट चालतो, काळा चालत नाही?

हां, तुम्ही महिना लिहिलेला नाही. जून-जुलैत दिसला असेल तर हार्लन विसरा. आणि काळा फेरुजिनस हॉकही टेक्ससमध्ये येतो, त्याचीही शेपटी फिकट दिसते. पण त्याच्याही पायांवर बोटांपर्यंत पिसं. फोटो असेल तर पाय आणि शेपटी दिसेल असा टाका. मित्राची लेन्स किती मिलिमीटरची आहे ते सांगू नका.